डावा हात वर

हर्लीवर उजवा हात वर धरायचा की डावा, यावरून माझं एका सत्तरी ओलांडलेल्या आयरिश बाईशी पार्किंग लॉटमध्ये भांडण झालं. भांडण म्हणजे मी भांडले. ती गाडीच्या डिकीत काठ्या भरत होती आणि माझं बोलणं संपायची वाट बघत होती. जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसांना हे छान जमतं. समोरच्याचा आवाज चढू देतात आणि आपला एवढा खाली ठेवतात की त्याचीच त्याला लाज वाटावी.

हर्ली म्हणजे काय, हेही मला तेव्हा जेमतेम कळायला लागलं होतं. हर्लिंग हा आयर्लंडचा खेळ. हॉकी स्टिकच्या उंचीची, पण टोकाला पळीसारखी रुंद होत गेलेली लाकडी काठी म्हणजे हर्ली. चेंडू लहान, कातडी, टणक. तो जमिनीवरून मारता येतो, हवेत मारता येतो, हातात झेलता येतो, नाहीतर काठीच्या पळीवर तोलत पळता येतं. गोलचे दोन्ही खांब वरपर्यंत वाढलेले. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. प्रत्येकाच्या डोक्यावर जाळीचं हेल्मेट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो हॉकी, क्रिकेट आणि गल्लीतली मारामारी यांचा एकत्र काला वाटला.

मी मूळची नागपूरची. राहते सनीव्हेलला, आणि सांता क्लारातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे नमुने तपासते. माझा या खेळाशी संबंध यायचं काहीच कारण नव्हतं. तो आला मराठी शाळेमुळे.

आमची मराठी शाळा दर रविवारी सकाळी भाड्याच्या वर्गांमध्ये भरते. मुलं बाराखडी गिरवतात आणि आपसात इंग्रजीत बोलतात. पालक बाहेर उभे राहून घरांच्या किमती आणि व्हिसा यांवर चर्चा करतात. वर्गांच्या मागे सिटीचं मैदान आहे. तिथल्या एका कोपऱ्यात ही उंच, पांढऱ्या केसांची बाई मोजक्या मुलांना घेऊन काठ्या फिरवत असायची, आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचो. एका रविवारी पोह्यांच्या सुट्टीत ती सरळ आत आली. म्हणाली की मी याच काउंटीतल्या, म्हणजे याच जिल्ह्यातल्या, शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. लहानपणी आमच्या गावात मी हा खेळ खेळले. या काउंटीत इतकी मुलं आहेत, पण या खेळाचा काउंटीचा स्वतःचा मुलांचा संघ नाही. पूर्वी इथे आयरिश घरं होती, ती भाडी वाढली तशी दूर गेली. जी मुलं उरलीत ती उन्हाळ्याच्या स्पर्धेत सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडून खेळतात, दुसऱ्यांची जर्सी घालून.

"मरायच्या आधी मला आपल्या काउंटीची जर्सी मैदानावर बघायची आहे," असं ती म्हणाली. पण म्हणाली अशा सुरात की जणू थोडी साखर मागायला शेजारी आलीय.

मग आमच्या लोकांनी आमच्या लोकांसारखे प्रश्न विचारले. यात लेव्हल्स असतात का? सर्टिफिकेट मिळतं का? कॉलेजच्या अर्जात दाखवता येईल का? पुण्याच्या एका काकांनी तर सिलॅबस मागितला. तिने सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की यातलं काही नाही. मुलांचे पाय दुखतील आणि त्यांना मित्र मिळतील. यावर निम्मे पालक पोह्यांकडे वळले. उरलेले थांबले, त्यामागे खेळाच्या प्रेमापेक्षा वेगळी फेरी मारावी लागणार नाही, हा हिशेब जास्त होता. मी थांबले कारण माझी मुलगी हातातली प्लेट बाकावर ठेवून, मला न विचारता, त्या बाईच्या मागोमाग मैदानात गेलीसुद्धा होती. तिचे बाबा गेल्यापासून ती आपणहून कुठेच जात नव्हती. त्यामुळे मी तिला हाक मारली नाही.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. मुलांनी काठ्या हातात घेतल्या आणि बाई कोड्यात पडली. माझ्याजवळ येऊन तिने हळूच विचारलं की तुमच्या लोकांमध्ये डावखुरेपणा फार आहे का. कारण आमच्या जवळजवळ प्रत्येक मुलाने डावा हात वर आणि उजवा खाली धरला होता. मी म्हटलं, डावखुरं कोणी नाही, हे क्रिकेट आहे. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज बॅट धरतो तेव्हा डावा हात वर असतो, हे आमच्या पोरांना बापाकडून मिळतं, शाळेत जायच्या आधी. हर्लिंगमध्ये नेमकं उलटं. जो हात चालता, तो वर. पळताना काठी त्या एकाच हातात राहते, दुसरा हात चेंडू झेलायला मोकळा. त्यामुळे दोन्ही अंगांनी झटकन मारता येतं. बाई खूप हसली, आणि मग तिने एकेका मुलाचे हात बदलायला घेतले.

पण ती रविवारी बदलायची आणि बाप लोक आठवडाभर परत जागेवर आणायचे. संध्याकाळी घरासमोर टेनिस बॉल निघायचा, की झालं. मुंबईचे एक काका कॉलेजच्या टीममधून खेळलेले. त्यांच्या मुलाने उजवा हात वर धरलेला बघून त्यांना जणू घराण्याला बट्टा लागल्याचं दुःख झालं. शेवटी बाईने सगळ्या बाबांनाच एका रविवारी मैदानात उतरवलं, हेल्मेटं चढवली आणि काठ्या दिल्या. मुंबईच्या काकांनी पुढे पाय टाकून असा काही देखणा ड्राइव्ह मारला की चेंडू जागेवर राहिला आणि काका अर्धी गिरकी घेऊन खाली बसले. पोरं हसून लोळली. त्याच्या पुढच्या रविवारपासून बाप लोक तिच्या बाजूचे झाले. त्यांच्यातल्याच एकाने प्लास्टिकच्या पाइपांचे गोलपोस्ट बनवून आणले, जे गाडीवर बांधून आणता-नेता येत. सॉकरवाल्यांनी सगळी मैदानं अडवून ठेवलेली. दुसऱ्या एकाने सिटीच्या ऑफिसात खेटे घालून आम्हाला रविवारच्या दुपारचा वेळ मिळवून दिला. मुलं बाईला मावशी म्हणायला लागली. आमच्याकडे प्रत्येक मोठी बाई मावशी नाहीतर काकू असते, त्यात तिलाही जागा मिळाली. तिने त्याचा अर्थ विचारला. आईची बहीण, असं मी सांगितलं. त्यानंतर ती पालकांना पाठवलेल्या मेसेजखाली सहीच्या जागी तेच लिहायला लागली.

तिचा एक नियम होता. तुझ्या बाबांनी चुकीचं शिकवलं, असं मुलाला कधीही म्हणायचं नाही. तिकडे ते बरोबर, इकडे हे बरोबर, एवढंच सांगायचं. हा नियम तिने मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला घालून दिला होता. मला तो आवडला होता. तरीही मी तिच्याशी भांडले.

माझ्या नवऱ्याला क्रिकेटचं वेड होतं. म्हणजे घरात बुद्धवंदना चालू असताना हा मान खाली घालून बसणार, आणि मी शेजारी बसून बघावं तर मांडीवरच्या फोनवर स्कोअर. त्याला मुलगी झाली तेव्हा नागपूरहून नातेवाइकांनी अभिनंदनाच्या फोनवर, आता बॅट कोणाला देणार, अशी थट्टा केली होती. तिला चालता यायला लागल्यावर काही दिवसांतच त्याने प्लास्टिकची बॅट आणून उत्तर दिलं. आमच्या अपार्टमेंटच्या कारपोर्टमध्ये रिसायकलिंगचा डबा हा स्टंप. तो तिच्या मागे गुडघ्यावर बसायचा, तिच्या हातांवर आपले हात ठेवायचा आणि म्हणायचा, "डावा वर, उजवा खाली. वरचा हात दिशा देतो, खालचा जोर." मी गॅलरीतून बघायची. माझ्या डोळ्यांसमोर तो येतो तो असाच, पाठमोरा, वाकलेला, आणि त्याच्या हातांखाली तिचे हात दिसत नाहीत असा.

एका साध्या मंगळवारी तो ऑफिसातून परत आलाच नाही. हॉस्पिटलमधून फोन आला. मी स्वतः हॉस्पिटलात काम करते, असल्या फोनमध्ये माणसं कोणते शब्द वापरतात ते मला माहीत आहे. पहिल्या वाक्यातच मला सगळं कळलं. पुण्यानुमोदनाला इथली आमची माणसं घरी जमली, नागपूरची सगळी व्हिडिओवर होती, त्रिशरण-पंचशील झालं, सगळे जेवून गेले. आणि मग घरात आम्ही दोघीच उरलो. कारपोर्टमध्ये ती पुन्हा कधी खेळली नाही. मीही कधी खेळ म्हटलं नाही.

म्हणून त्या पहिल्या रविवारी तिने काठी हातात घेतली आणि तिचा डावा हात आपोआप वर गेला, तेव्हा मला बरं वाटलं होतं. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी काहीतरी बरं वाटलं होतं. बाई रांगेतून एकेकाचे हात बदलत तिच्यापर्यंत आली. तिच्या मनगटाला धरलं. मी फोल्डिंगच्या खुर्चीवर बसले होते, ती उठले. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मग बाईला मान हलवून नाही म्हटलं. बाईने पुन्हा सांगून बघितलं. मुलीने पुन्हा नाही म्हटलं.

त्यानंतरचे काही रविवार हेच. बाकी सगळ्यांचे हात बदलले, हिचे नाहीत. आणि मग बाईने मला गाठून सांगितलं की अशाने तिला लागेल, तिला समजाव, आणि मी त्या पार्किंग लॉटमध्ये तोंड सोडलं. मी म्हटलं, तुमचा खेळ तुमच्यापाशी ठेवा. तिच्या बापाने तिला दिलेली ही एकच गोष्ट आहे आणि ती मी कोणाला काढू देणार नाही. मग तो कसा गेला, कधी गेला, हेही त्याच भरात बाहेर आलं. इतके दिवस तिथे येत होते, पण मी त्यातलं कोणाला काही सांगितलं नव्हतं.

तिने डिकी बंद केली. मग म्हणाली, "मी तिच्या हाताला पुन्हा हात लावणार नाही. पण मैदानावर समोरच्या मुलांना हे माहीत नसेल. ती तिला सवलत देणार नाहीत."

मी म्हटलं, नकोच आहे सवलत.

माझी मुलगी खेळात चांगली निघाली. पळायला चपळ, चेंडूची भीती नाही. उजव्या अंगाला चेंडू मिळाला की त्याच क्रिकेटच्या ग्रिपने ती असा फटका मारायची की मुंबईच्या काकांचे डोळे पाणावायचे. पण डावीकडून चेंडू आला की ती अडकायची. हात पिळवटून मारायला जायची, तोवर कोणीतरी काठी घालून चेंडू काढून न्यायचं. दोन काठ्या एकमेकींवर आपटल्या की तिच्या बोटांवर यायचं. रविवारी संध्याकाळी मी तिची सुजलेली बोटं बर्फात धरायची. सोडायचा का हा खेळ, असं विचारायची. ती नाही म्हणायची. हात बदलून बघतेस का, हे मात्र मी कधी विचारलं नाही. आणि ती स्वतःहून बोलत नाही म्हणजे तिला तो बदलायचा नाहीच, हे मी धरूनच चालले होते. आम्ही दोघी मिळून त्याला जपतोय असं मला वाटायचं. त्या वाटण्यावर माझे दिवस निघत होते.

बाईने माझ्यावर राग धरला नाही. उलट कामाला लावलं. आधी पाण्याच्या बाटल्या, मग हेल्मेटांचे पट्टे, मग नव्या मुलांना मैदानाच्या कडेला पळवणं. एकदा म्हणाली की तू पलीकडच्या बाजूला उभी राहत जा आणि बचावाच्या मुलांना हाका मारत जा, मागून कोण येतंय ते सांगत जा. मला काय कळतं त्यातलं, असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "तुझा आवाज मोठा आहे. पार्किंग लॉटमध्ये ऐकलाय मी."

तशी मी हळूहळू शिकले. शाळेच्या इतर आया सुट्टीच्या दिवशी आउटलेट मॉलमध्ये जायच्या आणि मी गुडघ्याला चिखल लावून कोणाच्यातरी पोराला काठी खाली ठेव म्हणून सांगत असायची. हिवाळ्यात मैदान बंद असलं की पार्किंगच्या एका भिंतीवर चेंडू मारायला बाई मुलांना जमवायची. ज्याला घरून आणायला कोणी नाही, त्याला आमच्यातलं कोणीतरी गाडीत घालून आणायचं. काउंटीतल्या दोन शाळांच्या पीटीच्या तासाला जाऊन आम्ही खेळ दाखवला. तिथून एक व्हिएतनामी मुलगा आला, दोघी मेक्सिकन बहिणी आल्या. मावशी ही हाक त्यांच्याही तोंडी बसली. पहिल्यांदाच असं झालं की संघ पूर्ण होऊन दोन-तीन मुलं राखीव राहतील इतकी संख्या झाली. काउंटीच्या नावाने स्पर्धेत नोंदणी झाली. हिरव्या-पिवळ्या जर्सी आल्या. बाईने खोका उघडला, एक जर्सी बाहेर काढली आणि परत घडी करून आत ठेवली. नंतर म्हणाली की तुम्हीच वाटा.

आणि मग स्पर्धेला थोडे दिवस राहिले असताना आमची तीन मुलं गेली. एकाच कंपनीतल्या दोन बाबांना टेक्सासमधल्या प्लेनोला हलवलं. तिकडे मोठं घर मिळतं, अंगण मिळतं, इथे अपार्टमेंटमध्ये किती दिवस काढायचे, हे त्यांचं बरोबरच होतं. त्यातली दोन मुलं सख्खी भावंडं होती आणि संघातली सगळ्यात पक्की. निरोपाच्या दिवशी बाईने तिघांना काठ्या भेट दिल्या आणि तिकडेही कोणीतरी खेळत असेल, शोधा, असं सांगितलं. मुलं गाडीत बसल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली की आपण वाढवायची आणि टेक्सासला पाठवायची. हसली नाही. मला त्या दिवशी ती पहिल्यांदा म्हातारी दिसली.

आता आम्ही बरोबर नऊ उरलो. या स्पर्धेत नऊच लागतात. राखीव कोणी नाही. आणि मधल्या फळीत, जिथे चेंडू दोन्ही बाजूंनी येतो, तिथे माझ्या मुलीला उभं करण्यावाचून बाईकडे दुसरा मार्ग नव्हता. तिने मला ते सांगितलं, हातांबद्दल अवाक्षर न काढता. हात तसाच राहिला तर संघाचं नुकसान, आणि बाईने ज्यासाठी ही सगळी वर्षं घातली ते पहिल्याच फेरीत संपणार, हे मला कळत होतं. आणि हात बदलला तर माझं काय राहील, तेही कळत होतं.

स्पर्धा सॅन फ्रान्सिस्कोजवळ, खाडीतल्या एका बेटावरच्या मैदानात होती. उन्हाळा म्हणायचा, पण वारा असा की आम्ही सगळे जॅकेटं घालून कुडकुडत होतो. आमची पोरं हिरव्या-पिवळ्या जर्सीत मैदानात गेली. बाई कडेला काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिच्या शेजारून जाताना मी बघितलं, तर तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. वाऱ्यामुळे, असं ती मला म्हणाली.

समोर सॅन फ्रान्सिस्कोचा संघ. त्यांच्याकडे आईबापांपासून खेळत आलेली मुलं. पहिल्या काही मिनिटांतच त्यांना माझ्या मुलीचं कोडं सुटलं. त्यांच्यातल्या दोघी तिला सारख्या डावीकडे ढकलायला लागल्या. चेंडू आला की ती अडकायची, काठीवर काठी आपटायची, चेंडू जायचा. एकदा तिने ग्लोव्ह काढून बोटं झटकली आणि पुन्हा चढवला. मध्यंतरापर्यंत आम्ही बरेच मागे पडलो होतो. बाई मुलांना गोल करून बोलली. पाणी प्या, एकमेकांना हाका मारा, आणि छान दिसताय तुम्ही सगळे, एवढंच. माझ्या मुलीला वेगळं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या भागात मी माझ्या जागेवर होते, बचावाच्या बाजूला. तिथे आमचा सगळ्यात लहान खेळाडू होता, सिलॅबस मागणाऱ्या काकांचा मुलगा. समोरचे आले की तो डोळेच मिटायचा. मी कडेने त्याच्याबरोबर पळत होते आणि मराठीत ओरडत होते, की डोळे उघड, उजवीकडे बघ, तो एकटाच आहे, जा त्याच्या अंगावर. आजूबाजूचे आयरिश आजी-आजोबा माझ्याकडे बघत होते, मला त्याचं भान नव्हतं. त्या पोराने खरंच डोळे उघडले आणि काठी घातली. चेंडू निसटून मधे गेला. मी त्याला शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि नजर चेंडूमागे गेली.

चेंडू माझ्या मुलीच्या डावीकडे आला होता. त्या दोघी तिच्यावर धावून येत होत्या. तिने हात बदलले. उजवा वर गेला, डावा खाली सरकला, आणि तिने डाव्या अंगाने चेंडू असा सहज उचलून मारला की तो दोघींच्या मधून, पुढे उभ्या असलेल्या मेक्सिकन बहिणींपैकी धाकटीपर्यंत गेला. तिने तो दांडीवरून टोलवला. एक गुण. आमची माणसं नाचायला लागली.

मी नाचले नाही. तो सहजपणा एका दिवसाचा नव्हता, हे मला कळलं होतं. त्यानंतर संपेपर्यंत ती तशीच खेळली, उजवा हात वर धरून, आणि एकदाही अडकली नाही. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता, आणि तो वाटतही होता. पण मी पाण्याच्या बाटल्या गोळा करायच्या निमित्ताने खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलीच राहिले. मला वाटलं, गेला. आता खरा गेला.

आम्ही हरलो, पण लाज जावी असे नाही. बाई जर्सी गोळा करत होती. मी तिच्याजवळ गेले आणि तुला हे माहीत होतं का, असं विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिलाच विचार, असं म्हणाली.

परत येताना एकशे एक नंबरच्या हायवेवर गर्दी होती. मुलगी शेजारी बसून चिप्स खात होती. मी विचारलं, "उजव्या हाताने कधीपासून यायला लागलं तुला?"

तिचा हात पिशवीतच थांबला. "तू बघितलंस?"

"हो."

"आर यू सॅड?"

मी म्हटलं, आधी सांग तर.

ती इंग्रजी आणि मराठी एकत्र करत हळूहळू बोलली. गेल्या वर्षीपासून येत होतं. शाळेत लंचच्या सुट्टीत भिंतीवर प्रॅक्टिस करायची, कधी मावशीबरोबर मैदानाच्या मागच्या बाजूला, मी लहान मुलांना पळवत असताना. मावशीला तिनेच आईला सांगू नको म्हटलं होतं.

"अगं पण का?"

"फर्स्ट डे ला मावशी माझा हात बदलत होती ना, तेव्हा तू चेअरवरून उठलीस. तुझा फेस एकदम तसा झाला, हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा झालेला तसा. मला वाटलं मी हात बदलला तर तुला परत तसं होईल. सो आय केप्ट इट."

मी म्हटलं, मला वाटलं तुला बाबांची आठवण म्हणून तो हात हवाय.

"मला बाबा ग्रिपमुळे नाही आठवत," ती म्हणाली. "बॉल रिसायकलिंगच्या डब्याला लागला ना, की ते म्हणायचे नो बॉल. ऑलवेज नो बॉल. मी कधी आउटच झाले नाही."

हे मला माहीतच नव्हतं. गॅलरीतून मला फक्त त्याची पाठ दिसायची. ऐकू काही यायचं नाही.

गाड्या थोड्या पुढे सरकल्या, मीही सरकले. मग आज का बदललास, असं मी विचारलं.

"कारण तू आज माझ्या हातांकडे बघत नव्हतीस. तू त्या छोटूवर ओरडत होतीस, रिअल कोचसारखी. मी बघितलं आणि मला वाटलं, ओके, शी इज ओके नाऊ." मग तिने विचारलं, "आहेस ना?"

तिचे बाबा गेल्यापासून मी तिच्यासमोर कधी रडले नव्हते, बाथरूमचा नळ सोडून रडायची. आता समोर ब्रेकचे लाल दिवे, मागे गाड्या, आणि मी रडत होते, आवाज करून, थांबवता न येता. चिप्सची पिशवी खाली ठेवून तिने डॅशबोर्डमधला खण उघडला, टिश्यू काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग खिडकीबाहेर बघत बसली, माझं होईपर्यंत.